तिसऱ्या लेव्हलची पार्टी, समोर तरुण हिरवा ड्रॅगन: लढत आवाक्यात आणायच्या चार वाटा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत, २०१४च्या नियमांप्रमाणे, तिसऱ्या लेव्हलच्या पात्रासाठी ‘डेडली’ (जीवघेणी) लढत माणशी ४०० एक्सपीपासून सुरू होते; एक्सपी म्हणजे अनुभवगुण, शत्रू किती अवघड ते यावरून मोजतात. चौघांची पार्टी असेल तर १६००. तरुण हिरवा ड्रॅगन एकटाच ३९०० एक्सपीचा आहे, चॅलेंज रेटिंग (अवघडपणाची पायरी) ८. कागदावर हा विषय इथेच संपतो. पण खेळाच्या नावातच ड्रॅगन आहे, आणि खेळाडूंना तो आठव्या लेव्हलपर्यंत थांबून नाही, आत्ता हवा असतो. ही इच्छा रास्त आहे.

डीएमसमोर, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासमोर, वाटा चार: ड्रॅगनचे आकडे उतरवणं, त्याच्या जागी लहान प्राणी ठेवणं, पार्टीला तयारीची संधी देणं, किंवा लढाईचा हेतूच बदलणं. निवड करण्याआधी पार्टी नेमकी कशानं मरते ते पाहायला हवं, कारण बहुतेक जण चुकीच्या आकड्याला हात घालतात.

मारतं काय?

फुत्कार. ३० फुटांचा कोन, कॉन्स्टिट्यूशन (चिवटपणा) सेव्ह १४, म्हणजे बचावायला वीस बाजूंच्या फाशावर बोनस धरून १४ लागतात; १२डी६, म्हणजे सहा बाजूंचे बारा फासे, सरासरी ४२ विषारी डॅमेज. सेव्ह जमला तर निम्मं. कॉन्स्टिट्यूशन +२ असलेल्या विझर्डचे (जादूगाराचे) या लेव्हलला २० एचपी (जीवनगुण) असतात. त्याचा सेव्ह हुकण्याची शक्यता ५५ टक्के. ४२ बसले की २० संपून २२ उरतात, आणि उरलेलं डॅमेज कमाल एचपीइतकं किंवा त्याहून जास्त असेल तर पात्र जागीच मरतं. डेथ सेव्ह (बेशुद्धीत जगण्यासाठी टाकायचा फासा) नाही, हीलिंगला वाव नाही. त्याच फुत्कारात २४ एचपीचा क्लेरिक आणि २८चा फायटर बेशुद्ध पडतात, पण जिवंत राहतात. हे सगळं ड्रॅगनच्या पहिल्याच टर्नला होऊ शकतं.

दुसरं, चावा आणि दोन पंजे. सगळे लागले तर सरासरी ४४. आर्मर क्लास (वार लागायला फाशावर बोनस धरून लागणारा आकडा) १६वर दर वार ६० टक्के लागतो, म्हणजे राउंडला साधारण २६. फुत्कार नसलेल्या राउंडमध्येही एक जण जवळपास आडवा होतोच.

तिसरं, उडणं, वेग ८० फूट. याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. ड्रॅगन हवेत गेला की फायटरची तलवार पोचत नाही. ‘रोग’ या चोरट्या पात्राचा स्नीक अटॅकही (जादा डॅमेजचा वार) अडतो, कारण शत्रूच्या पाच फुटांत साथीदार नाही आणि अॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) सहसा नसतो. पार्टीचा मारा निम्म्यावर येतो.

एचपी १३६ हे या तिन्हींच्या मागचं कारण. आर्मर क्लास १८वर +५ बोनसचा वार ४० टक्केच लागतो. चौघं मिळून, स्पेल धरून, राउंडला २०च्या आसपास डॅमेज करतात. म्हणजे सात राउंड. फुत्कार परत येण्याची शक्यता दर टर्नला तीनात एक, त्यामुळे तेवढ्यात सरासरी तीन फुत्कार.

आकडे उतरवणं की लहान प्राणी?

आकडे उतरवायला बसलं की पहिला हात एचपीवर जातो. एचपी ७० केले तर लढत चार राउंडांत आटोपते आणि फुत्कार तीनाऐवजी दोन होतात, पण पहिल्या टर्नचा धोका तसूभरही कमी होत नाही. आधी फुत्कार ६डी६ करा. सरासरी २१ होते आणि, जास्त महत्त्वाचं म्हणजे, कमाल ३६. वीस एचपीचा विझर्ड जागीच मरायला ४० लागतात, म्हणजे पूर्ण एचपीवर असताना एकाच फुत्कारात मरणं आता अशक्य. मग एक पंजा काढा; राउंडचं डॅमेज २६वरून २०वर येतं. पार्टीत हीलर नसेल तर दोन्ही काढा, १३वर येईल. आर्मर क्लास १६ आणि एचपी ९० ठेवले तर चार राउंडांची चुरशीची लढत होते. उडणं तसंच ठेवायचं असेल तर किमान दोघांकडे धनुष्य किंवा लांबून मारणारा कॅन्ट्रिप (कितीही वेळा वापरता येणारा स्पेल) आहे का, ते कॅरेक्टर शीटवर बघून घ्या.

याची अडचण अशी की हा ड्रॅगन इतका मऊ का, याला गोष्टीत कारण लागतं. जुनी जखम, फाटलेला पंख, छातीत अडकलेला भाला, काहीही चालेल, पण पहिल्या वर्णनातच दिसू द्या. पंख फाटलेला असेल तर उडण्याचा प्रश्नही मिटतो.

लहान प्राणी घेणं मेहनतीला सर्वांत हलकं. हिरवा वर्मलिंग, म्हणजे ड्रॅगनचं पिल्लू: आर्मर क्लास १७, एचपी ३८, फुत्कार १५ फूट आणि ६डी६, सेव्ह ११, एक्सपी ४५०. एकटं ठेवलं तर दोन राउंडांत संपतं आणि खेळाडू हिरमुसतात. सोबत सहा कोबोल्ड (छोटे सरड्यासारखे प्राणी) द्या. ४५० अधिक १५० म्हणजे ६००. शत्रू जास्त असले की एक्सपीला गुणक लावतात; सात शत्रूंसाठी तो २.५, म्हणजे १५००, ‘डेडली’च्या किंचित खाली. कोबोल्डांचे एचपी पाचच, पण पॅक टॅक्टिक्समुळे (साथीदार लक्ष्याजवळ असला की मिळणारा अॅडव्हान्टेज) त्यांना गुणकातून वगळू नका. २०२४च्या डीएम मार्गदर्शिकेत हा गुणक काढून टाकला आहे. तिथे हीच लढत ६०० एक्सपीची, म्हणजे सर्वांत सौम्य पायरीवरची ठरते. टेबलावरचा अनुभव मात्र जुन्या आकड्याच्या जवळ जातो.

नवखे खेळाडू किंवा एकाच बैठकीचा खेळ असेल तर पिल्लू घ्या. आधीच्या सेशनमध्ये गावकऱ्यांच्या तोंडून मोठ्या ड्रॅगनची दहशत ऐकवून झाली असेल तर घेऊ नका. तिथे पिल्लू दिसलं की फसवल्यासारखं वाटतं.

तयारी की हेतूबदल?

इथे ड्रॅगनचा एकही आकडा बदलत नाही, म्हणून अनुभवी खेळाडूंना या दोन वाटा जास्त पटतात.

तयारीत सर्वांत मोठा फरक ‘प्रोटेक्शन फ्रॉम पॉयझन’ पाडतो: दुसऱ्या लेव्हलचा स्पेल, तासभर टिकतो, कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला लक्ष धरून ठेवणं) लागत नाही, विषारी डॅमेज निम्मं होतं. तिसऱ्या लेव्हलच्या क्लेरिककडे असे स्लॉट (स्पेल वापरण्याच्या संधी) दोनच, म्हणजे दोघांचंच रक्षण. पहिला मान विझर्डचा. ड्वॉर्फला हे संरक्षण जन्मजात असतं. बार्ड किंवा ड्रुइड असेल तर ‘फेअरी फायर’ लाखमोलाचा: हा स्पेल लागला की ड्रॅगनवरच्या वारांना अॅडव्हान्टेज मिळतो, त्यामुळे ४० टक्क्यांचा वार ६४ टक्के होतो आणि रोगचा स्नीक अटॅक उडत्या ड्रॅगनवरही चालतो. उलट आग-थंडीसारखं डॅमेज निम्मं करणाऱ्या ‘अॅब्सॉर्ब एलिमेंट्स’ स्पेलवर विसंबलेला विझर्ड फसतो, त्यात विष येतच नाही. विष लावलेले बाणही व्यर्थ, कारण हिरवा ड्रॅगन विषाला इम्यून आहे.

पण ड्रॅगन हिरवा आहे हे आधी कळलं, तरच तयारी होते. खुणा तीन तरी ठेवा, आणि वेगवेगळ्या ठिकाणी: करपलेली झाडं, घशाला झोंबणारा वास, जखमेविना मेलेली गुरं. एकच ठेवली तर हमखास नजरेतून सुटते.

हेतूबदल म्हणजे ड्रॅगनला मारणं हे कामच नाही. त्याच्या मागच्या खोलीतला कैदी सोडवायचा, किंवा त्याच्याकडून एक उत्तर मिळवायचं. याची इंटेलिजन्स १६ आहे, कॉमन भाषा येते, डिसेप्शन (फसवण्याचं कौशल्य) +५ आहे. तो आधी बोलेल, सौदा करील, लालूच दाखवील. आणि निम्मे एचपी गेले, म्हणजे ६८ उरले, की उडून जाईल. फुकट मरण्यात त्याचा काय फायदा?

ही वाट फसते ती पळण्यापाशी. वेग ३० असलेली पात्रं ८० फुटांनी उडणाऱ्यापुढे मोकळ्या मैदानात टिकत नाहीत. म्हणून नकाशात पाच फूट रुंदीचा बोळ काढा. ड्रॅगन लार्ज आकाराचा आहे. तो आत घुसू शकतो, पण अंग चोरून: त्याच्या वारांना डिसअॅडव्हान्टेज, त्याच्यावरच्या वारांना अॅडव्हान्टेज, आणि प्रत्येक फुटाला दुप्पट चाल. फुत्काराला मात्र अटॅक रोल नसतो, तो सरळ बोळात पूर्ण ताकदीनं शिरतो. त्यामुळे तोंडापासून दहा-पंधरा फुटांवर काटकोनात वळण हवंच.

खेळाडू आठवड्याला जमणारे आणि ड्रॅगन पुढेही हवा असेल, तर आम्ही हेतूबदलच सुचवू, जोडीला तयारीच्या खुणा. ‘मारायचाच’ असं टेबलानं ठरवलं असेल तर आकडे उतरवा, पण सेशनआधी. लढाईच्या मध्यात फुत्काराचे फासे कमी केले तर कुणाच्या तरी लक्षात येतंच. मध्यात बदलता येतो तो फक्त पळण्याचा आकडा. ६८च्या जागी ९० धरा आणि तो आधीच उडून जाईल.