अर्धशिशीची रोजची गोळी: टोपिरामेट की प्रोप्रॅनोलॉल

महिन्यातून एखाद्या वेळी ज्यांचे डोके उठते, त्यांना या तुलनेची गरज नाही. दुखणे चढण्याआधी नॅप्रोक्सेन ही वेदनाशामक गोळी किंवा सुमाट्रिप्टान ही अर्धशिशीच्या झटक्यावरची ट्रिप्टान गटातली गोळी घेतली आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहिले, की त्यांचे भागते. दुखणे उठूच नये म्हणून घ्यायच्या रोजच्या गोळीचा विचार करावा लागतो तो महिन्यातले चार किंवा अधिक दिवस हातचे जाऊ लागतात तेव्हा. माझे आठ दिवस जात होते. आठही दिवशी ट्रिप्टान घेत राहिल्याने मी आणखी एका दुखण्याच्या जवळ जाऊन पोहोचलो होतो. कारण ट्रिप्टान महिन्यात १० किंवा अधिक दिवस, अथवा साधी वेदनाशामके १५ किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांपलीकडे घेत गेले तर त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते.

आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी फ्लुनारिझिन मी घेतलेली नाही. तिने झोप आणि वजन दोन्ही वाढतात, आणि मनाला आधीपासून उदासी असणाऱ्यांना ती देत नाहीत, एवढे ऐकून मी दुसरे काही सुचवण्याची विनंती डॉक्टरांना केली. २०१८ पासून आलेली सीजीआरपीविरोधी (अर्धशिशीत डोके दुखवणाऱ्या सीजीआरपी या शरीरातल्या द्रव्याला अडवणारी) इंजेक्शने खास अर्धशिशीसाठी घडवलेली आहेत. पण दरमहा तो खर्च माझ्या पगारात बसणारा नव्हता. उरलेली दोन्ही औषधे उसनी म्हणावी अशी आहेत. टोपिरामेट मुळात फिट्सचे औषध. प्रोप्रॅनोलॉल हृदयरुग्णांसाठी जेम्स ब्लॅक यांनी शोधले, ज्यांना १९८८ चे नोबेल मिळाले. ते घेणाऱ्या काही रुग्णांची डोकेदुखीही थांबल्याचे नंतर ध्यानात आले.

माझे वजन थोडे अधिक असल्याने डॉक्टरांनी आधी टोपिरामेट दिली. २५ मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला चढवत १०० पर्यंत गेलो, आणि तिसऱ्या महिन्यात आठाचे दोन दिवस झाले. इतका गुण मला पुढे कशानेही आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बोटांना मुंग्या येत, भूक मंदावली होती, पण त्याची मला तक्रार नव्हती.

तक्रार होती ती शब्दांची. मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. दहावीच्या वर्गात अलंकार चालू होते. ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’ हे शब्द फळ्यावर लिहिले, उदाहरण समजावले, आणि ‘उत्प्रेक्षा’ हे नावच ओठांवर येईना. वीस वर्षे शिकवलेला शब्द. पहिल्या बाकावरच्या मुलीने तो हळूच सांगितला. त्यानंतर हे रोजचे झाले. घरी सांडशी मागायची असे आणि तोंडातून नुसते ‘ते, धरायचे’ एवढेच निघे. ओळखीच्या पालकांची नावे त्यांच्यासमोर उभे राहूनही आठवत नसत. हा या औषधाचा परिचित दुष्परिणाम आहे, मात्रा कमी करून पाहू, असे डॉक्टर म्हणाले. ५० मिलिग्रॅमवर शब्द बरेचसे परतले, पण डोकेदुखीचे दिवसही पाचावर गेले. ज्यांचे काम बोलण्यावर अवलंबून नाही, त्यांना ही अडचण कदाचित इतकी सलणार नाही, आणि पुष्कळांना ती जाणवतही नसेल. मला ती सहन झाली नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. टोपिरामेटने काहींचा घाम कमी होतो आणि मुतखड्याची शक्यता वाढते. भरपूर पाणी प्या, असे त्यावर सांगितले जाते. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे असताना आणि गावात टँकरची वाट पाहत असताना हा सल्ला पाळणे किती अवघड जाते, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. गरोदरपणात तर ही गोळी बाळाला अपाय करू शकते, म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनी डॉक्टरांशी तो विषय आधी काढावा.

प्रोप्रॅनोलॉल मी दीर्घकाळ टिकणाऱ्या ४० मिलिग्रॅमच्या गोळीने सुरू केली आणि सहा आठवड्यांनी ८० वर गेलो. पहिले पंधरा दिवस शाळेचा जिना चढताना पाय जड वाटत, डिसेंबरात बोटे गार पडत, आणि स्वप्ने फार स्पष्ट पडू लागली. आता महिन्याचे तीन दिवस जातात, म्हणजे टोपिरामेटपेक्षा एक अधिक. तो एक दिवस मी पत्करला आहे, कारण उरलेल्या सत्तावीस दिवसांत वर्गात शब्दासाठी अडावे लागत नाही.

ही गोळी सर्वांना चालते असे मात्र नाही. माझ्या धाकट्या बहिणीलाही अर्धशिशी आहे, पण तिला दमा असल्याने प्रोप्रॅनोलॉल वर्ज्य ठरली. ती रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन घेते आणि तोंडाची कोरड सोसते. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही जपावे, कारण साखर उतरल्याची धडधड आणि थरथर या गोळीने झाकली जाते. सोबत रिझाट्रिप्टान घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. प्रोप्रॅनोलॉलमुळे तिचे रक्तातले प्रमाण वाढते आणि १० ऐवजी ५ मिलिग्रॅमचीच गोळी घ्यावी लागते. सुमाट्रिप्टानला ही अडचण नाही, म्हणून मी तीच ठेवली आहे.

प्रोप्रॅनोलॉल एकदम बंद करायची नसते, हळूहळू उतरवायची असते. माझे वर्ष पूर्ण होत आले आहे आणि डॉक्टर मात्रा उतरवून पाहणार आहेत. मी त्यांना दिवाळीच्या सुटीनंतरची वेळ सुचवली आहे, कारण एप्रिल-मेच्या उन्हात तो प्रयोग करण्याची माझी तयारी नाही.