अनप्लग्ड: शाळेतल्या दारूप्रतिबंधाचे १२ तास

मुलांना दारू-सिगारेटसारख्या व्यसनांपासून दूर ठेवण्यासाठी युरोपातल्या शाळांसाठी तयार झालेला ‘अनप्लग्ड’ हा कार्यक्रम १२ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. एकेका तासाचे १२ पाठ, शिक्षकांची मार्गदर्शिका, मुलांची वही आणि प्रश्नांची कार्डं असा सगळा संच. शिकवतात शाळेतलेच शिक्षक, पण त्याआधी त्यांचं अडीच-तीन दिवसांचं प्रशिक्षण अपेक्षित आहे. साहित्य मोफत मिळतं, म्हणून पुष्कळदा पुस्तिका घेतली जाते आणि प्रशिक्षण राहून जातं. गाडी तिथेच रुळावरून उतरते. शिक्षक फळ्यावर दारूचे दुष्परिणाम लिहितात, मुलं उतरवून घेतात, तास संपतो. वास्तविक, नुसत्या माहितीचे पाठ यात मोजकेच आहेत. बाकीचे गटातलं वागणं, भावना बोलून दाखवणं, नकार देणं, अडचण सोडवणं यांवर बेतलेले आहेत.

एक साधी गोष्ट आधीच सांगायला हवी. बाकं तास सुरू व्हायच्या आधी गोलात सरकवून ठेवा. तासात सरकवली तर दहा मिनिटं जातात आणि कात्री लागते ती शेवटच्या चर्चेला, म्हणजे नेमकी ज्यासाठी पाठ घेतला तिलाच.

संपूर्ण संचात सर्वांत मोलाचा पाठ चौथा, आणि सर्वांत जास्त बिघडतोही तोच. ‘सगळेच पितात’ हा मुलांचा समज आकड्यांनी तपासायचा असतो. मुलं आधी अंदाज लिहितात, मग खरा आकडा फळ्यावर येतो. आकडा कोणता निवडता यावर सगळं अवलंबून आहे. २०१९ च्या युरोपीय शालेय पाहणीत १५-१६ वर्षांच्या ७९ टक्के मुलांनी आयुष्यात कधीतरी दारू घेतल्याचं सांगितलं. गेल्या महिन्यात नशा चढेपर्यंत प्यालेली मात्र १३ टक्के होती. दोन्ही आकडे खरे आहेत. पण पहिला फळ्यावर लिहिलात तर ‘बघा, आम्ही म्हणतच होतो’ असा वर्गाचा सूर लागतो आणि पाठ उलटतो. दुसरा लिहा, आणि तोही उलट बाजूने: तुमच्याहून मोठ्या १०० मुलांपैकी ८७ जण त्या महिन्यात नशेत गेले नव्हते. अंदाज सारख्या आकाराच्या चिठ्ठ्यांवर, नुसता आकडा लिहून, नाव न घालता घ्या. अक्षरं लिहायला लावली की हस्ताक्षर ओळखू येतं आणि मुलं खोटं लिहितात. वर्गातल्या वर्गात ‘कोण पितं’ अशी मोजणी करू नका. ३० जणांच्या वर्गात एक-दोन बढाईखोरांनीही आकडा फुगतो.

नकाराच्या सरावात तिघांचा गट करा: एक आग्रह करणारा, एक नाही म्हणणारा, एक पाहणारा. दोन-दोन मिनिटांनी भूमिका बदला. पाहणाऱ्याने शब्दांबरोबर आवाज, नजर, उभं राहणं टिपायचं. कारण देणारा नकार लगेच ढासळतो. ‘उद्या सामना आहे’ म्हटलं की समोरून ‘एका घोटाने काय होतंय’ येतंच. ‘नको, मला नाही घ्यायची’ एवढंच, शांतपणे, दोनदा म्हटलं तर वाद घालायला जागा उरत नाही. झिंगलेल्या माणसाची नक्कल मात्र कुणालाही करू देऊ नका. टाळ्या त्यालाच पडतात.

परिणामांचं काय? ७ देशांत सुमारे ७,००० विद्यार्थ्यांवर याची चाचणी झाली. दीड वर्षानंतरही नशा चढेपर्यंत पिण्याचं प्रमाण कार्यक्रम झालेल्या गटात कमी होतं. सिगारेटवरचा परिणाम मात्र टिकला नाही. पहिल्या काही महिन्यांत फरक मुलग्यांमध्ये दिसला, मुलींमध्ये जवळपास नाहीच. ही उणीव गंभीर आहे, ती झाकून ठेवू नये. पालकांच्या तीन सभांची जोड दिल्यावरही वेगळा फायदा मोजता आला नाही, त्यामुळे सभा जमत नाहीत म्हणून कार्यक्रम अडवून धरायचं कारण नाही.

ब्राझीलचा अनुभव मात्र प्रत्येक मुख्याध्यापकाने लक्षात ठेवावा. तिथे हाच कार्यक्रम रूपांतर करून राबवला, तर पहिल्यांदा दारू चाखणाऱ्यांचं प्रमाण कार्यक्रम झालेल्या मुलांमध्ये जास्त निघालं आणि पुढे पाठ सुधारावे लागले. म्हणजे ‘काही नाही तर निदान नुकसान तरी नाही’ हे गृहीत धरता येत नाही. नव्या भाषेत किंवा वेगळ्या वयाच्या मुलांसाठी आणताना आधी दोन-तीन वर्गांत चालवा, आधी आणि नंतर निनावी प्रश्नावली भरून घ्या, कार्यक्रम न झालेल्या वर्गांशी ताडून पाहा, मगच सगळ्या शाळेत न्या.

आठवड्याला एक याप्रमाणे १२ आठवडे लागतात. परीक्षेमुळे दोन पाठ एका तासात कोंबायची वेळ आली तर माहितीचे पाठ आखडा, चौथा आणि नकाराच्या सरावाचा पाठ पूर्ण घ्या. तेवढेही तास वेळापत्रकात बसत नसतील तर या वर्षी नुसतं शिक्षकांचं प्रशिक्षण उरका आणि पाठ पुढच्या सत्राच्या पहिल्या आठवड्यापासून लावा.