स्टीलचा पॅन घरी घ्यावा का? हॉटेलात राबणाऱ्या एका शेफचं मत

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचलं नाही तरी चालेल. तीन थरांचा स्टीलचा फ्राय पॅन घ्या. एकच घ्या, सहा नगांचा सेट घेऊ नका. आणि अंड्यांसाठी घरात असलेला नॉनस्टिक टाकून देऊ नका.

माझा पॅन २६ सेंटिमीटरचा आहे. घरी रोज वापरतो. कामावर तर आयुष्य याच प्रकारच्या भांड्यांवर गेलं. ओळखीतली माणसं स्टीलच्या पॅनबद्दल बोलायला लागली की पहिली तक्रार ठरलेली: "त्याला सगळं चिकटतं." मग मी विचारतो, तेल घालण्याआधी पॅन किती वेळ आचेवर होता? उत्तर बहुतेक वेळा येतं, "आधी म्हणजे?"

भांड्याची रचना कळली की निम्मे प्रश्न सुटतात. स्टील उष्णता वाहून न्यायला फारच आळशी. ॲल्युमिनियम त्याच्या साधारण पंधरापट वेगाने उष्णता पसरवतं. नुसत्या पातळ स्टीलच्या भांड्यात ज्वाळेच्या वरचा गोल करपतो आणि कडेचं कच्चं राहतं ते यामुळेच. तीन थरांच्या पॅनमध्ये मधे ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. आतला थर १८/१० स्टीलचा, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेल. बाहेरचा थर चुंबक धरणाऱ्या स्टीलचा, म्हणून तो इंडक्शनवरही चालतो. विकत घेताना एवढं नक्की बघा की मधला थर काठापर्यंत गेलाय, की फक्त बुडाला चकती डकवलीय. चकतीवाला पाणी उकळायला ठीक, पण गॅसवर त्याच्या भिंतींना ज्वाळा लागते आणि तिथे सॉस करपतो. माझ्या पॅनमध्ये थर काठापर्यंत आहे, आणि कांदा परतताना ते जाणवतं: मधला आणि कडेचा कांदा जवळपास एकाच वेळी रंग धरतो.

आता तापवण्याबद्दल, कारण सगळी मेख तिथे आहे. रिकामा पॅन मध्यम आचेवर ठेवा. मोठ्या आचेवर नाही. घाई केली की मधोमध भलताच तापतो. दोन-तीन मिनिटांनी पाण्याचा एक थेंब टाका. थेंब जागीच चर्र करून आटला तर थांबा. थोड्या वेळाने पुन्हा टाका. एक क्षण असा येतो की थेंब आटत नाही, गोळी होऊन पाऱ्यासारखा पॅनभर घरंगळत राहतो. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तो तिच्यावर तरंगतो. लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये याचं वर्णन केलं, त्याचंच नाव या प्रकाराला आहे. पॅन २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की हे दिसतं.

पण या परीक्षेत एक गोम आहे, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. थेंब घरंगळला म्हणजे पॅन पुरेसा तापलाय एवढंच कळतं. तो जास्त तापलाय का, हे कळत नाही, कारण ३०० अंशांवरही थेंब तस्साच घरंगळतो. तेव्हा गोळी दिसली की आच कमी करा, पाणी पुसून घ्या आणि तेल घाला. तेल पातळ होऊन पॅनवर सरसर पसरलं, त्यात बारीक लहरी दिसल्या की वेळ झाली. पडताक्षणी धूर निघाला तर पॅन उचलून बाजूला ठेवा, मिनिटभर दम खाऊ द्या. लोणी मात्र या तापमानाला घालू नका, त्यातले दुधाचे कण लगेच काळे पडतात. ते शेवटी.

माशाचा तुकडा घ्या, कातडीसकट. कागदाने दाबून कोरडा करा, आणि कोरडा म्हणजे खरंच कोरडा, बोटाला ओल लागता कामा नये. शून्य अंशाचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. ओला मासा टाकलात की पॅन सगळी ताकद ते पाणी उडवण्यात घालवतो, पृष्ठभाग थंड होतो, माशातली प्रथिनं धातूला घट्ट धरून बसतात. मीठ अगदी टाकायच्या आधी लावा, नाहीतर ते पुन्हा पाणी काढतं. कातडीची बाजू खाली, तुकडा स्वतःपासून लांबच्या दिशेने ठेवायचा, म्हणजे तेल अंगावर उडत नाही. कातडी आक्रसून वर उचलायला बघते, म्हणून उलथन्याने दहा-एक सेकंद हलकेच दाबून धरा.

आणि मग हात मागे घ्या. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या पोरांना नेमकं हेच जमत नाही. दर पाच सेकंदांनी उलथनं खाली सारून बघतात. मासा पहिली काही मिनिटं चिकटलेलाच असतो, तो चिकटायलाच हवा. खालची बाजू खरपूस झाली, तिच्यातलं पाणी गेलं की तो आपण होऊन सुटतो. कोपऱ्यातून हलकेच उचलून बघा. विरोध वाटला तर अजून तयार नाही. ओढलंत तर कातडी पॅनमध्ये आणि मासा तुमच्याकडे. चिकनच्या मांडीचंही तेच, फक्त तिथे आच आणखी कमी आणि वेळ बराच जास्त, आणि हाडाजवळ आतलं तापमान ७४ अंश झाल्याशिवाय उतरवू नका.

गर्दी करू नका. मशरूम असोत की मांसाचे तुकडे, एकाला दुसरा टेकला की मधे वाफ कोंडते आणि भाजण्याऐवजी शिजतं. खरपूस रंग आणि वास देणारी क्रिया १४० अंशांच्या आसपास वेग घेते, आणि पाणी शिल्लक असेपर्यंत पृष्ठभाग १०० च्या वर जात नाही. दोन खेपा करा. कंटाळा येतो, मान्य आहे.

स्टीलचा पॅन घेण्याचं माझं खरं कारण मात्र वेगळं: खरवड. चिकन काढल्यावर बुडाला जो तपकिरी थर राहतो, तो घासून टाकणं म्हणजे जेवणाचा सगळ्यात चविष्ट भाग मोरीत ओतणं. नॉनस्टिकमध्ये हा थर नीट धरतच नाही. जास्तीचं तेल काढा, बारीक कांदा परता, अर्धी वाटी पाणी किंवा स्टॉक घाला आणि लाकडी चमच्याने खरवडा. चर्र आवाज येतो, थर विरघळतो, पॅन जवळपास आपोआप स्वच्छ होतो. निम्मं आटलं की आच बंद करून थंड लोण्याचा तुकडा टाका आणि पॅन गोल फिरवत राहा. सॉस चकचकीत होतो. लिंबू, टोमॅटो, वाइन काहीही घाला. लोखंडी किंवा उघड्या ॲल्युमिनियमच्या भांड्यासारखी धातूची चव उतरत नाही. फक्त खरवड तपकिरी असेपर्यंतच हे करा. काळी झाली असेल तर सॉस कडू होणार, विचार सोडून द्या.

अंड्यांचं म्हणाल तर, जमतं. पण सकाळच्या घाईत कशाला? नॉनस्टिक त्यासाठीच ठेवलाय. तो रिकामा मोठ्या आचेवर तापवू नका, २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप बिघडायला लागतो. म्हणजे वर सांगितलेली थेंबाची परीक्षा त्याच्यावर अजिबात करायची नाही.

माझ्या पॅनबद्दल तक्रारीही आहेत. काठ बाहेर वळवलेला नाही, त्यामुळे सॉस ओतताना धार भिंतीवरून खाली ओघळते. असल्या किमती भांड्यात हे व्हायला नको होतं. मुठीचे रिव्हेट आतल्या बाजूला वर आलेले आहेत, त्यांच्या भोवती तेलकट मळ साचतो आणि जुन्या टूथब्रशशिवाय निघत नाही. मूठही स्टीलचीच, गॅसवर बराच वेळ ती धरवते, पण ओव्हनमधून काढल्यावर ती गरम असते हे डोकं विसरतं. आमच्याकडे ओव्हनमधून आलेल्या पॅनच्या मुठीवर फडकं टाकून ठेवतात, म्हणजे दुसरा कुणी धरायला जात नाही. घरीही तेच करा.

धुण्याचं फारसं अवघड नाही. तापलेल्या पॅनवर गार पाणी ओतू नका, बूड वाकतं आणि मग तेल एका बाजूला जाऊन बसतं. करपलं असेल तर पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून उकळा. इंद्रधनुषी डाग पडले तर घाबरू नका, वरचा ऑक्साइडचा थर जाड झाल्याने ते दिसतात. व्हिनेगरने पुसले की जातात. मीठ मात्र गार पाण्यात टाकून तळाशी बसू देऊ नका. त्याने बारीक खड्डे पडतात आणि ते काही केल्या जात नाहीत. पाणी उकळल्यावर मीठ घाला आणि ढवळा.

मापाबद्दल एक सांगतो. दुकानात लिहिलेला आकडा वरच्या काठाचा असतो, शिजवायला मिळतं ते बूड. बुडाचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर जागा ३१४ चौरस सेंटिमीटर, आणि २४ असेल तर ४५२. तेव्हा टेप घेऊन बूड मोजा. मग पॅन सपाट काउंटरवर ठेवून डुगडुगतोय का बघा, त्यात लिटरभर पाणी घालून एका हाताने उचला आणि तिरपा करा. मनगट थरथरलं तर एक माप खालचा घ्या.