डॅक बदलून हेडफोनचा आवाज सुधारतो का? मालवणच्या एका पावसाळ्यानंतरचं मत

भाद्रपदात डेस्कटॉप डॅक-ॲम्पचा (डिजिटल आवाजाचं ॲनालॉग करणारा डॅक आणि हेडफोनला जोर देणारा ॲम्प, एकाच पेटीत) डावा चॅनेल गेला. वॉरंटी चालू असताना सर्व्हिस सेंटरने "आत गंज आहे, वॉरंटीत बसत नाही" असं लिहून पेटी न उघडल्यासारखी परत धाडली, म्हणून हे लिहितोय. वस्तू चौदा हजारांची, आणि कुरिअरचे पैसे दोन्ही वेळा माझ्याच खिशातून गेले. स्पेक्स इथे देत नाही.

आधी आवाजाचं. हेडफोन सेनहायजर एचडी ६५०, म्हणजे ३०० ओहमचा, जास्त व्होल्टेज मागणारा. लॅपटॉपच्या जॅकवर स्क्रोल केलं की मागे बारीक किणकिण यायची. हजाराच्या आतला यूएसबी-सी डोंगल (बोटाएवढा छोटा डॅक) घेतला आणि ती त्याच दिवशी बंद झाली. कारण उघड आहे: ॲनालॉग सर्किट लॅपटॉपच्या पोटातून बाहेर आलं. फक्त हळू आवाजाच्या रेकॉर्डिंगला डोंगल पूर्ण आवाजावरही कमी पडायचा. म्हणून हा मोठा डॅक.

पहिले काही आठवडे मी खूष होतो. डग्ग्याची घुमक भरल्यासारखी वाटायची, तानपुरा मोकळा. तेव्हा कुणी विचारलं असतं तर घ्याच म्हटलं असतं. मग पावसात लाइट गेली की लॅपटॉपच्या बॅटरीवर डोंगलच लावून ऐकायला लागलो, आणि काही कमी आहे असं वाटेना. तेव्हा एकदा नीट तपासायचं ठरवलं.

५० हर्ट्झची साइन टोन (एकाच सुराचा सलग आवाज) लावून दोन्हींच्या आउटपुटवर मल्टिमीटर धरला. साधा मल्टिमीटर त्याच फ्रिक्वेन्सीच्या आसपास धड मोजतो, म्हणून १ किलोहर्ट्झ घेतला नाही. नेहमीच्या नॉबवर डॅक चांगलाच जोरात निघाला. एखाद-दोन डेसिबलचा फरक कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. नॉब खाली आणून दोन्हीकडे सारखे व्होल्ट केले आणि भाच्याला पाठीमागे बसवून प्लग बदलायला लावला. कुठला कुठला आहे ते मला सांगता आलं नाही. ख्यालाच्या सीडीवर नाही, बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांवर तर नाहीच. तिथे तबकडीची खरखरच इतकी आहे की डॅकची शांतता कुणाच्या कामाची?

यात नवल काही नाही. १६ बिटच्या सीडीचा पल्ला, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, साधारण ९६ डेसिबल. चांगला डोंगल तेवढं पेलतो. त्यापुढच्या, मोठ्या डॅकच्या पत्रकातल्या ११०-१२० च्या आकड्यांना माझ्या खोलीत जागाच नाही, आषाढात कौलांवर पाऊस पडत असताना तर मुळीच नाही. २०२० च्या ऑक्टोबरात जपानमधल्या नोबेओकाच्या कारखान्याला आग लागून एकेएम या कंपनीच्या डॅकमधल्या चिप्स मिळेनाशा झाल्या, तेव्हा कितीतरी कंपन्यांनी दुसऱ्या चिप्सवर डिझाइन बदललं. चिपच्या नावावर आवाज ठरत असता तर त्या कंपन्यांना हे जमलं नसतं. मला जो फायदा झाला तो ॲम्पच्या जास्त व्होल्टेजचा. ३२ ओहमचा हेडफोन असेल तर बहुधा तोही नको. बऱ्याच ड्रायव्हरांचे (आत आवाज काढणारे एकापेक्षा जास्त भाग असलेले) इअरफोन असतील तर डॅकचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला विरोध, कमी आहे ना, एवढं बघा.

आता सॉकेट. या कंपनीने चौदा हजारांत हेडफोनच्या जाड प्लगचं ६.३५ मिलिमीटरचं सॉकेट इतकं हलकं घातलंय की संताप येतो. आधी प्लग फिरवला की करकर, मग डावी बाजू मधूनच गायब, मग कायमची. टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या पत्तीवर हिरवट थर आणि एका कडेला मुलामा उडून तांबूस धातू उघडा. बाजारातल्या रेडिओवाल्या काकांनी पत्तीला नख लावलं आणि म्हणाले, "खाऱ्या वाऱ्यान पत्ती खाल्ल्यान." आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून आठवडाभर चाललं, पुन्हा तेच. शेवटी काकांनी जुनं सॉकेट डिसोल्डर करून नवं बसवलं. मजुरीसकट खर्च कुरिअरच्या एका फेरीपेक्षा कमी. बोर्ड आतून स्वच्छ होता, सर्किटला काही झालेलं नव्हतं. जे काम काकांनी चहा निवायच्या आत केलं, ते सर्व्हिस सेंटरला का जमलं नाही? सोन्याच्या मुलाम्याची पत्ती घातली असती तर खारी हवा तिला इतक्या लवकर लागली नसती. पत्रकात डिस्टॉर्शनचे (आवाज किती बिघडतो त्याचे) चार दशांश छापतात, सॉकेटच्या पत्तीबद्दल एक ओळ नाही.

डोंगल त्याच टेबलावर, त्याच हवेत, तेवढाच काळ. अजून धड आहे.

आता डॅक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की जुन्या, स्वयंपाकातून काढलेल्या कढईत मंद आचेवर सुकवतो. किनाऱ्यावर राहत असाल तर खरेदीआधी विक्रेत्याला सॉकेटचा फोटो मागा आणि गंज वॉरंटीत धरतात का हे लेखी घ्या. बदललेल्या सॉकेटचं बिल आणि जुन्या पत्तीचे फोटो कंपनीला मेल केलेत. उत्तर आलं की इथेच टाकतो.