न्यूझीलंडची मतदार नोंदणी सेवा: अर्ज सोपा, यादी मात्र समजून निवडा

कायम वास्तव्य मिळालं तरी संसदेच्या मतासाठी नागरिकत्वापर्यंत थांबा, हा बहुतेक देशांचा खाक्या. न्यूझीलंडने तो १९७५ मध्येच सोडला. वय १८, रेसिडेंट व्हिसा आणि आयुष्यात कधीतरी तिथे सलग १२ महिने वास्तव्य, एवढं पुरतं. विद्यार्थी किंवा तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर मत नाही. पात्र असाल तर नोंदणी सक्तीची, मतदान ऐच्छिक.

ऑनलाइन अर्ज तिथल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर काही मिनिटांत होतो. नवख्यांकडे न्यूझीलंडचा पासपोर्ट नसतोच, त्यामुळे लायसन्स हाच सोयीचा मार्ग; तेही नसेल तर कागदी अर्ज मागवायचा. घर बदललं की पत्ता लगेच बदला. शहर परिषदेचं मतदान टपालाने होतं, मतपत्रिका यादीतल्याच पत्त्यावर जाते. भाड्याची घरं बदलणारे स्थलांतरित नेमके इथे मत गमावतात.

सेवेचा सर्वात कसदार भाग, आणि सर्वाधिक गोंधळाचाही, म्हणजे माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) वंशाच्या मतदारांसाठीचा मतदार यादीचा पर्याय: सर्वसाधारण की माओरी? संसदेसाठी प्रत्येकाला दोन मतं असतात, एक पक्षाला, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला. माओरी यादी घेतली तर पक्षाचं मत हुकतं, ही अफवाच. पक्षाचं मत सगळ्यांना तेच. बदलतो तो फक्त मतदारसंघ, आणि जिथे माओरी प्रभाग आहेत तिथे परिषदेचा प्रभागही. संसदेतल्या माओरी जागा १८६७ पासून चारच होत्या. १९९३ च्या कायद्यानंतर त्यांची संख्या यादीच्या निवडीशी जोडली गेली आणि २००२ पासून त्या सात आहेत. म्हणजे अर्जातली ती एक खूण जागांच्या गणितात जाते. पूर्वी यादी बदलायची संधी पाच-सहा वर्षांतून एकदा मिळे. २०२३ पासून केव्हाही बदलता येते, फक्त संसदेच्या किंवा स्थानिक निवडणुकीआधीचे तीन महिने सोडून. शेवटच्या क्षणी जागे होणारे इथेच अडकतात.

एक उणीव खटकते. मत देता येतं म्हणून उभंही राहता येईल, असा समज अर्ज भरताना सहज होतो. उमेदवारीला नागरिकत्व लागतंच. त्यापुढची वाट बरीचशी पक्षांच्या उमेदवार यादीतून जाते: १९९६ मध्ये मिश्र प्रमाणबद्ध पद्धत (काही खासदार मतदारसंघातून, बाकीचे पक्षाच्या यादीतून) आली आणि त्याच निवडणुकीत पॅन्सी वाँग या पहिल्या चिनी वंशाच्या खासदार यादीतूनच संसदेत पोहोचल्या. यादीत क्रमांक कितवा लागला, यावर सगळं. ते काम नोंदणी अर्जाने होत नाही. पक्षाचं सदस्यत्व वेगळं घ्यावं लागतं.