जुनी व्हीआरएस, जीटी किंवा एम३४०आय: मराठवाड्यात बसून पुण्याची घ्यावी, हैदराबादची की दिल्लीची?

लातूर, परभणी किंवा जालन्यातल्या माणसाला नवी व्हर्टस जीटी किंवा आय२० एन लाइन घ्यायला फार लांब जावं लागत नाही. गाडं अडतं ते मोजक्या संख्येने आलेल्या जुन्या वेगवान गाड्यांपाशी. स्कोडाच्या ऑक्टेव्हिया व्हीआरएस २४५ तर २०२० मध्ये भारतात आल्याच २००. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय बंद झाली. अशी एखादी जपलेली गाडी आपल्याकडे विकायला निघालीच तर ती ओळखीतच जाते. मग मोबाइलवर लांबच्या डीलरांचे फोटो सुरू होतात आणि दिल्लीचा भाव बघून माणूस तिकीट काढायला निघतो.

आमचं मत आधीच सांगतो: अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, पासिंगमध्ये मोजा. नांदेडकराला देगलूर ओलांडून हैदराबाद पुण्यापेक्षा कितीतरी जवळ पडतं. पण कागदाच्या हिशेबात एमएच १२ची गाडी जवळची आणि तेलंगणाच्या टीजी पासिंगची लांबची.

राज्यातली आणि राज्याबाहेरची

पुण्या-मुंबईची गाडी नावावर करायची तर मुख्य काम फॉर्म २९ आणि ३० यांचं. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र देऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा. नंबर तोच राहतो आणि रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही.

राज्याबाहेरच्या गाडीला मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते. ती मिळण्याआधी सगळी चलनं भरलेली हवीत आणि बोजाचा निकाल लागलेला हवा. पुढे इथे फॉर्म २७ भरून नवा नंबर घ्यायचा आणि महाराष्ट्राचा टॅक्स भरायचा. ‘बारा महिने तसंच चालवू, कोण विचारतं’ हा सल्ला फुकट मिळतो. कायद्यातली बारा महिन्यांची मुभा नव्या नंबरापुरती आहे. मालकी बदलल्याची नोंद त्याच्या कितीतरी आधी करावी लागते.

टॅक्सचा आकडा बहुतेकांचा इथेच चुकतो. वैयक्तिक नावावरच्या, भारतात बनलेल्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५. हे टक्के तुम्ही दिलेल्या किमतीवर लागत नाहीत. आधार धरतात तो मूळ इनव्हॉइसचा, आणि गाडीच्या वयाप्रमाणे त्यातून सूट मिळते. १६ लाखांची गाडी तुम्ही ११ लाखांना आणली तरी हिशेब १६ पासून सुरू होतो. म्हणून मूळ इनव्हॉइसची प्रत बयाणा देण्याआधी मागा आणि तुमच्या आरटीओतून टॅक्सचा आकडा काढून घ्या. जिनिंग, दालमिल किंवा ट्रेडिंग फर्मच्या नावावर गाडी घेण्याची आपल्याकडे सवय आहे. कंपनीच्या नावाला दर थेट २० टक्के होतो, हे सीएला विचारूनच ठरवा.

दिल्लीचा भाव स्वस्त का

राष्ट्रीय हरित लवादाने (एनजीटी) २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई केली. नंतर त्यात वरखाली झालं तरी ती भीती बाजारभावात मुरलेली आहे. त्यामुळे तिथे आठ-नऊ वर्षांची डिझेल बीएमडब्ल्यू खरोखर पडत्या भावात मिळते. पण व्हीआरएस, जीटी टीएसआय, बीएमडब्ल्यूची एम३४०आय या सगळ्या पेट्रोल. त्यांच्यावर हा दबाव फार कमी, म्हणून सूटही थोडी. त्यातून टॅक्स, ट्रेलरचं भाडं, एनओसीसाठी एजंट आणि एक-दोन फेऱ्या वजा केल्या की हाती फारसं उरत नाही. दिल्ली डिझेलसाठी ठीक. पेट्रोलसाठी आम्ही जाणार नाही.

हैदराबाद आणि बंगळूरची गोष्ट वेगळी. तिथे शौकीन मालक जास्त, सर्व्हिस रेकॉर्ड बरे. बंगळूरला १० लाखांवरच्या गाडीला १७-१८ टक्के लाइफटाइम टॅक्स असतो, म्हणून जुन्या गाडीचा भावही चढा. राज्य सोडल्यावर उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो, पण तो अर्ज जुन्या मालकाच्या सहीशिवाय हलत नाही. परतावा कुणाचा, हे सौद्यातच लिहून घ्या.

दक्षिणेतल्या शहरांत आणखी एक धोका पाण्याचा: हैदराबाद ऑक्टोबर २०२०, बंगळूर सप्टेंबर २०२२, चेन्नई डिसेंबर २०२३. बुडालेली गाडी धुऊन चकचकीत करून दुसऱ्या राज्यात विकली जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि खालच्या टोकाला मातीची रेघ आहे का बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा आणि कार्पेटखालचे कनेक्टर तपासा. कनेक्टरवर हिरवट थर दिसला तर तिथूनच परत फिरा.

तपासणी: इथे घाई नको

लांबचा डीलर गाडी गरम करून दाखवतो, कारण थंड इंजिन बोलतं. सकाळी जा आणि स्टार्ट करण्याआधी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) लावून नुसतं इग्निशन ऑन करा. बाहेर २५ अंश असताना कूलंट ६० दाखवत असेल तर गाडी आधी चालवून ठेवली आहे. त्याच स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का, ते बघा. बरेचसे ‘अपूर्ण’ असतील तर एरर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. दोन्हींचं कारण विचारा.

डीएसजीमध्ये, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, दोन जाती आहेत आणि जाहिरातीत दोन्हींना एकच नाव असतं. जुनी १.२ लिटरची पोलो जीटी टीएसआय आणि १.५ व्हर्टस-स्लाव्हिया यांत सात गिअरचा ड्राय क्लच डीक्यू२००. व्हीआरएसमध्ये तेलात बुडालेला वेट क्लच. डीक्यू२०० साधारण २५० न्यूटन मीटरसाठी बनलेला आहे, आणि १.५ टीएसआय कंपनीतूनच २५० देते. वर रीमॅप मारला, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललं, की भार क्लच आणि मेकॅट्रॉनिकवर (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटवर) जातो. ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत चालवा, चढावर रिव्हर्स घ्या. थरथर, झटका किंवा मीटरवर गिअरचं अक्षर लुकलुकणं म्हणजे लाखाच्या घरातला खर्च. वेट क्लचच्या गाडीला दर ६०,००० किलोमीटरला गिअरबॉक्स ऑइल आणि फिल्टर बदललेला हवा. बिल दाखवा म्हणा, ‘केलंय’ चालणार नाही.

रीमॅप काढून गाडी पुन्हा स्टॉक केलेली असू शकते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सिस्टिममध्ये टीडी१ ही रीमॅपची खूण लागली असेल तर इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी अडते. चॅसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरचा इतिहास काढून घ्या, मीटर मागे फिरवलेलंही त्यातच सापडतं. टायरवरचे चार आकडे वाचा: ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. २०१७ ची गाडी, मीटरवर २२,००० आणि चारही टायर २०२१ चे, तर पहिले चार कुठे झिजले?

रंगाची जाडी मोजणाऱ्या पेंट गेजवर कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. एका दारावर ३०० आलं तर रिपेंट, त्याने बिघडत नाही. पिलर किंवा छतावर आलं तर सौदा सोडा.

जुन्या गाड्या विकणारा डीलर असेल तर आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र मागा. एप्रिल २०२३ पासून ते लागतं, आणि मालकाने गाडी डीलरकडे दिल्याची फॉर्म २९सी ची नोंदही. ती नसेल तर तुम्ही ज्याला पैसे देताय त्याचा गाडीशी कागदोपत्री संबंध नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्यावर आयकर कायद्याने दंड आहे, तेव्हा पैसे बँकेतूनच. १० लाखांवर डीलर एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) लावेल. तो रिटर्नमध्ये मिळतो, त्यावर वाद घालू नका.

आणताना आणि नंतर

पुण्याहून गाडी स्वतः चालवत आणा. बाहेरच्या राज्यातून ट्रेलर बरा, आणि ट्रान्झिट विमा लेखी घ्या. विमा जुन्या मालकाच्या नावावर असताना वाटेत ठोकली तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळणं अवघड होतं. पॉलिसी नावावर करायला १४ दिवस असतात. नो क्लेम बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही, म्हणून प्रीमियम वाढतो.

सर्व्हिसचा विचार खरेदीआधी करा. शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना आहे म्हणून व्हीआरएसचा पार्ट संभाजीनगरात लगेच मिळत नाही. एम३४०आयचा रनफ्लॅट (पंक्चरवरही थोडं अंतर चालणारा) टायर हिंगोलीत फाटला तर तो बाहेरून येईपर्यंत गाडी उभी. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोल) साठी बनलेली असेलच असं नाही, तेव्हा इंधनाचे होस आणि सील पहिल्याच सर्व्हिसला तपासून घ्या. काळ्या मातीच्या धुळीत एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीच्या अर्ध्यावर उघडून बघा. टर्बोला कमी हवा मिळाली की पहिलं लक्षण पिकअपमध्ये दिसतं, चेक लाइट बऱ्याच उशिरा लागतो.