सगळ्या बँडवर ‘उत्तम’ एसडब्ल्यूआर देणारा फिरता डायपोल : घेण्याआधी हे वाचा

१४ ते २८ मेगाहर्ट्झमधले पाचही हॅम (हौशी रेडिओ) बँड, एकच फिरता डायपोल (मधोमध जोडणी असलेला दोन हातांचा सरळ अँटेना), ट्रॅप नाहीत, कॉइल नाहीत, ट्यूनरची गरज नाही, आणि एसडब्ल्यूआर (पाठवलेली शक्ती किती परत फिरते त्याचं माप; १.० म्हणजे काहीच परत नाही) कुठेही २ च्या वर जाणार नाही. अशी जाहिरात नजरेस पडली तर पैसे भरण्याआधी थांबा. हाच अँटेना मी घेतला, मास्टवर चढवला आणि त्यात माझी शुद्ध फसवणूक झाली. विक्रेत्याचं नाव इथे देत नाही. असा माल नावं बदलून विकता येतो, त्यामुळे नावापेक्षा मालाची खूण पटणं जास्त उपयोगाचं आहे.

फिरता डायपोल हवा होता त्याला कारण होतं. दोन खांबांमध्ये बांधलेली तार आडव्या बाजूंना चांगली ऐकते, पण तिच्या टोकांच्या दिशेला सिग्नल पार खाली जातो. यागी (एकाच दिशेला झोत टाकणारा अनेक नळ्यांचा अँटेना) बसवायची तर वजन, वाऱ्याचा भार आणि रोटेटर (फिरवणारी मोटर) सगळंच वाढतं. २० मीटर (१४ मेगाहर्ट्झ) बँडचा अर्धलहरी डायपोल मात्र साधारण १०.१ मीटर लांब, म्हणजे दोन्ही हात पाच-पाच मीटरचे. तो दोन्ही बाजूंना सारखाच काम करतो, त्यामुळे अर्धा फेरा फिरला तरी सगळ्या दिशा मिळतात आणि हलका रोटेटरही पुरतो. म्हणूनच या अँटेनाला मागणी आहे, आणि मागणी आहे तिथे लबाडीही येते.

माल आला तो दिसायला झकास. चकचकीत नळ्या, मधोमध काळी डबी, डबीवर ‘ब्रॉडबँड बालुन’ (केबल आणि डायपोल जुळवणारा भाग) असं लेबल. वर चढवून मोजलं तर एसडब्ल्यूआर जाहिरातीत लिहिला होता तसाच. २८ मेगाहर्ट्झला जवळजवळ १.०, १८ आणि २१ लाही सुरेख, फक्त १४ मेगाहर्ट्झला १.७ च्या आसपास. बँडही शांत वाटला. जाहिरातीत ‘लो नॉइज’ असंही लिहिलेलं होतं, तेही खरं ठरल्यासारखं दिसलं.

पण आवाज कमी झाला होता तसेच सिग्नलही कमी झाले होते. १५ मीटर (२१ मेगाहर्ट्झ) बँडसाठी कापलेला ६.७ मीटरचा साधा तारेचा डायपोल मी जवळपास तेवढ्याच उंचीवर बांधला आणि दोन्ही फीडलाइन एका स्विचवर आणल्या. तारेवर स्पष्ट बोलणारं स्टेशन नव्या अँटेनावर टाकलं की गुरगुर उरायची. डब्ल्यूएसपीआरवर (कमी शक्तीचे सिग्नल कुठवर पोचले ते नोंदवणारी यंत्रणा) दोन्ही आळीपाळीने लावून पाहिले, तेव्हाही तारेचे रिपोर्ट दूरदूरहून आले आणि याचे जवळपास आलेच नाहीत. मला जास्त खटकलं ते हे, की १० मीटर (२८ मेगाहर्ट्झ) बँडवर अँटेना फिरवला तरी सिग्नल हलत नव्हता. फिरता अँटेना फिरवून काहीच बदलत नसेल, तर ऐकायचं काम नळ्या करत नाहीत, कोॲक्स केबलचं बाहेरचं जाळं करतंय.

फोनवर विक्रेत्याचं एकच पालुपद. “एसडब्ल्यूआर किती येतोय सर? १.१? मग अँटेना एकदम ओके आहे. प्रॉपगेशन खराब असेल.” काहीही विचारा, गाडी त्याच आकड्यावर. या धंद्याची सगळी मदार याच आकड्यावर आहे. बहुतेकांकडे एसडब्ल्यूआर मीटर असतो, रेडिएशन मोजायचं साधन नसतं. मीटर सांगतो एवढंच, की पाठवलेली शक्ती परत आली नाही. ती हवेत गेली की उष्णता होऊन संपली, हे तो सांगत नाही. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायचा, शक्तीची नुसती उष्णता करणारा रेझिस्टर) एसडब्ल्यूआर सगळ्या बँडवर १.० असतो.

अँटेना खाली उतरवला. दोन्ही हात डबीपासून सोडवले आणि नुसती डबी नॅनोव्हीएनएला (अँटेना तपासायचा छोटा ॲनालायझर) जोडली. प्रामाणिक बालुन किंवा चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारा भाग) असता तर हात नसताना सगळी शक्ती परत फिरली असती आणि एसडब्ल्यूआर पट्टीबाहेर गेला असता. इथे पडद्यावर ३० मेगाहर्ट्झपर्यंत सपाट रेघ होती, १.० च्या अगदी लगत. एक सेंटीमीटर नळी न जोडता अँटेना ‘परफेक्ट मॅच’! मग रिगवरून थोडा वेळ कॅरियर दिला, तर डबी हाताला गरम लागली.

डबीत काळं इपॉक्सी ओतलं होतं. ते खरवडून काढल्यावर आत निघाली एक ॲल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यावर स्क्रूने आवळलेला ५० ओहमचा जाड रेझिस्टर, थेट दोन्ही हातांच्या मध्ये. बालुनमध्ये असतो तसा फेराइटचा एक तुकडाही नाही.

१४ मेगाहर्ट्झलाच एसडब्ल्यूआर जास्त का येत होता, तेही आता कळलं. त्या एकाच बँडवर नळ्यांची लांबी जुळत होती. तिथे डायपोलचे सुमारे ७० ओहम आणि रेझिस्टरचे ५० समांतर होऊन २९ च्या आसपास होतात, म्हणून १.७. त्यातही जवळजवळ ५८ टक्के शक्ती डबीतच जळते. बाकी बँडवर डायपोलचा इम्पीडन्स (एकूण विरोध) इतका चढतो की रेझिस्टरच सगळं खातो. हिशेब मांडला तर १०० वॉटपैकी मोजके वॉट हवेत जातात. जिथे अँटेना खरोखर अँटेना म्हणून काम करत होता, तिथेच मीटर वाईट दाखवत होता.

ही चाचणी प्रत्येकाने माल वर चढवण्याआधी जमिनीवरच करावी, असं मी कळकळीने सांगतो. ॲनालायझर नसेल तर साधा मल्टिमीटरही बरंच सांगतो. हात सोडवून डबीच्या सॉकेटवर रोध मोजा. चोक असेल तर सर्किट उघडं दिसेल, ट्रान्सफॉर्मर असेल तर जवळपास शून्य. मधलाच काही आकडा, विशेषतः ५० च्या आसपासचा, दिसला तर विक्रेत्याला जाब विचारा. रेझिस्टरच्या आधी कपॅसिटर टाकून हे लपवता येतं, म्हणून खात्री करायची तर सपाट रेघेचीच. आणि टर्मिनेटिंग रेझिस्टर असलेले ब्रॉडबँड अँटेना प्रामाणिकपणेही विकले जातात. टी२एफडी (रेझिस्टर लावलेला तिरका घडीचा डायपोल) त्यातलाच. पण तिथे रेझिस्टर आहे हे उघड सांगितलेलं असतं. लपवणं ही फसवणूक आहे.

नळ्यांबाबतही खोटंच. लिहिलं होतं ६०६१-टी६ (कडक केलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू), भिंतीची जाडी १.५ मिलिमीटर. व्हर्नियर लावला तर जाडी १ मिलिमीटरलाही कमी भरली. वाऱ्याच्या एका झोताने एक हात सांध्यापाशी वाकला आणि वारा पडल्यावरही तसाच राहिला. विक्रेता म्हणाला, “लांब नळी झुकणारच.” यात अर्धं सत्य आहे, आणि तेच फसवतं. स्वतःच्या वजनाने नळी किती झुकेल हे मुख्यतः लांबी आणि व्यासावर ठरतं. मिश्रधातू कडक असो की मऊ, ॲल्युमिनियमची लवचिकता जवळपास सारखीच असते. पण वारा थांबल्यावर नळी सरळ होते की नाही, हे टेंपर (धातू किती कडक केलाय ते) ठरवतं. थोडं झुकणं चालतं, कायमची वाकणारी नळी चालत नाही. ‘स्टेनलेस’ यू-बोल्टला चुंबक खटकन चिकटला आणि पावसानंतर त्यांच्यावर तांबूस डाग आले. यू-बोल्टसाठी सहसा वापरतात त्या स्टेनलेसलाही चुंबक जरासा ओढतो कधीकधी, पण लोखंडासारखा घट्ट धरत नाही.

आता वर आहे तो डायपोल आमच्या गटातल्या एका जुन्या हॅम काकांच्या मदतीने बांधलेला, फक्त २० मीटर बँडचा. मधे फायबरग्लासचा दांडा, सांध्यांना अँटिऑक्साइड पेस्ट, तांबं आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना लागू नयेत म्हणून स्टेनलेस वॉशर. फीडपॉइंटला फेराइट टोरॉइडवर गुंडाळलेला चोक आहे, आणि त्याचं झाकण स्क्रूने उघडतं. रोटेटरभोवती कोॲक्सचा सैल वेढा ठेवलाय. उंची साधारण १० मीटर, म्हणजे अर्धी लहर. तिथे मुख्य झोत क्षितिजापासून ३० अंशांवर जातो. पाव लहरीइतक्या उंचीवर बसवला तर बहुतेक शक्ती डोक्यावर जाते आणि रोटेटर फिरवून फारसं काही हाती लागत नाही, मग अँटेना कितीही खरा असो. जागा निवडताना विजेच्या तारांपासून इतकं दूर राहा, की मास्ट आडवा पडला तरी डायपोलचं टोक तिथे पोचणार नाही. मास्टला अर्थिंग आणि कोॲक्सला लाइटनिंग अरेस्टर हवाच.

विक्रेत्याने शेवटी हात वर केले. “डबी उघडलीत, वॉरंटी गेली.” पैसे परत मिळाले ते पेमेंट कंपनीकडे तक्रार केल्यावर, आणि तिथे उपयोगी पडला तो हात सोडवून काढलेला ग्राफ, डबी उघडण्याआधीचा, सीलसकट फोटो घेतलेला. म्हणून हीच चाचणी डबी बंद असतानाच करा आणि तिचा व्हिडिओ ठेवा.

जाहिरात अजून चालू आहे. फोटोतल्या नळ्या आता वेगळ्या आहेत, डबी काळ्याऐवजी राखाडी आहे, आणि एसडब्ल्यूआरचा ग्राफ तोच आहे : १४ मेगाहर्ट्झवर छोटासा उंचवटा, बाकी सगळीकडे सपाट.